गुलाबी अर्जावरची सही

“ला नोरिया विद्यालयाने डेल्फिना आर्रियागा यांच्यातील अभियंता त्यांच्या वयाच्या चौदाव्या वर्षीच ओळखला, जोपासला आणि या खोऱ्याच्या सेवेस अर्पण केला.”

पितळी पाटीवर कोरण्यासाठी निवडलेल्या या वाक्यात तीन क्रियापदे आहेत आणि तिन्ही चोरीची आहेत. अर्पण करायचे तर वस्तू आधी आपल्या मालकीची असावी लागते, तेव्हा शेवटच्या क्रियापदाचा विचार करण्याचेही कारण नाही. जोपासनेचे म्हणाल तर डेल्फिनाला पाण्याचे पहिले धडे देणारा माणूस त्या शाळेच्या फाटकातून कधी आत गेला नव्हता. तिचा बाप रेफुहिओ पाटकरी होता. मोठ्या कालव्याचे पाणी कोबीच्या सऱ्यांत सोडणे हे त्याचे काम. वाकडी नळी पाण्यात बुडवायची, तोंडावर तळहात दाबायचा, झटक्यात तिला बांधापलीकडे टाकायचे आणि हात काढायचा. मग पाणी बांध चढून सरीत उतरू लागते. सात वर्षांची डेल्फिना बांधावर उकिडवी बसून हे बघत असे.

“अपा, पाणी वर कसं काय चढतं?”

“हौसेनं नाही चढत पोरी. पलीकडे खाली जायचं असतं त्याला. म्हणून एवढा चढ सोसतं.”

पुढे विद्यापीठात हेच एका प्राध्यापकाने तिला खडूने तीन फळे भरून समीकरणांत सांगितले. ते बरोबर होते, नवीन नव्हते.

उरले ‘ओळखला’. या एका शब्दासाठी डेल्फिना आर्रियागा, वय बावन्न, खोऱ्याच्या कालवा मंडळाच्या मुख्य अभियंता, मंगळवारी सकाळी चिखलाच्या बुटांनिशी शाळेच्या अभिलेख कक्षात येऊन उभी राहिली.

“तुमचं पत्र आलं तेव्हा मुख्याध्यापक हसले हो,” कारकून नोएमी म्हणाली. नोएमी याच गावची, चष्मा डोक्यावर ठेवून चष्मा शोधणारी. “म्हणाले, दंडाला लोक पुरावा मागतात. सन्मानाला कोण मागतं?”

“मी पुलाच्या खांबालाही मागते. हे तर नुसतं पितळ आहे.”

“तीन कागद सापडले. एक गुलाबी अर्ज, एक टिपण, आणि शाळा मंडळाच्या सुनावणीचं इतिवृत्त. इतिवृत्त फेकायला कायद्यानं बंदी आहे, नाहीतर तेही गेलं असतं. बसा की. बुटांचं काही मनावर घेऊ नका, फरशी काय माझ्या सासऱ्याची आहे?”

डेल्फिना बसली. गुलाबी अर्ज तिने पाहताक्षणी ओळखला. अडतीस वर्षांत त्याचा रंग उतरला होता. खालची सही मात्र होती तशी निळी होती. कोबी लावल्यासारखी, अंतर मोजून, एकेक अक्षर रोवलेली.

त्या खोऱ्यात तेव्हा घरोघरी दुभाषे असत आणि त्यांची उंची साधारण चार फूट असे. आईबाप सीमेपलीकडून आलेले, मुले इकडच्या इंग्रजी शाळेत शिकणारी. त्यामुळे दवाखाना, वीजकंपनी, पोलीस, पाद्री या सर्वांशी घराचा व्यवहार मुलाच्या तोंडून चाले. आठव्या वर्षी डेल्फिनाने डॉक्टरांचे म्हणणे मावशीला सांगितले होते की बाळ पोटातच गेले आहे. या कामाचा एकच नियम तिला आईने घालून दिला होता. “ते जेवढं बोलले तेवढंच सांगायचं. आपल्या पदरचं घालायचं नाही आणि त्यांच्या पदरचं गाळायचं नाही.” आई, एउलालिया, गावासाठी दोन्या लाला, म्हणजे लालाबाई, गाजरांच्या शेडमध्ये सरकत्या पट्ट्यावर निवड करीत असे. तिचे हात वर्षभर नारिंगी असत.

मुलांच्या भवितव्याविषयी शाळेला पालकांशी बोलायचे असले की दुभाषी अर्थातच ते मूलच असे. आरोपीलाच न्यायालयाचा दुभाषी नेमण्याची ही पद्धत शाळेच्या नियमपुस्तिकेत ‘कौटुंबिक सहभाग’ या शीर्षकाखाली नोंदलेली होती.

१९८६च्या सप्टेंबरात समुपदेशक मिसेस प्रूइट यांच्या खोलीत मायलेकी बसल्या. प्रूइटबाई दुष्ट नव्हत्या. त्या हसतमुख होत्या, टेबलावर गोळ्यांची बरणी ठेवत आणि मुलांना दोन दोन देत. त्या डेल्फिनाला म्हणाल्या, “आईला सांग, तू फार गोड मुलगी आहेस. नीटनेटकी आहेस. बीजगणितानं तू उगाच दुःखी होशील. तुमच्यासारख्या घरातल्या मुली अठराव्या वर्षी लग्न करतात, मग ते डोक्यात भरून करायचं काय? मी तुला व्यवहारी गणित आणि शिवण दिलंय. उद्या शेडमध्ये पेट्या मोजायला तेवढं पुरतं. आईला विचार, बरोबर आहे की नाही.”

डेल्फिना आईकडे वळली.

“बाई म्हणतात, मी बीजगणित घ्यावं.”

एउलालियाने आधी मुलीकडे पाहिले, मग प्रूइटबाईंकडे, मग पुन्हा मुलीकडे.

“एवढा वेळ बोलली, आणि एवढंच?”

“इंग्रजीत लांबतं, अमा.”

“काय म्हणते आई?” प्रूइटबाईंनी विचारले.

“पेन आहे का, विचारते.”

अर्जावर दोन चौकोन होते. पहिला शिफारस मान्य असल्याचा. दुसऱ्यापुढे बारीक अक्षरांत छापले होते की पालक शिफारशीशी असहमत आहेत व परिणामांची जबाबदारी घेतात. डेल्फिनाचे बोट दुसऱ्यावर टेकले. आईने खूण केली आणि सही रोवली. प्रूइटबाईंनी अर्ज न वाचता ट्रेमध्ये टाकला. त्या दिवशी चाळीस पालक त्यांच्याशी सहमत झाले होते. एकेचाळिसाव्याचे वाचायचे काय?

अशा रीतीने शाळेने डेल्फिनातील अभियंता ओळखला.

त्या शनिवारी ती चर्चमध्ये पाद्र्याकडे पापनिवेदनाला गेली नाही, आणि म्हणून रविवारी प्रसादही घेऊ शकली नाही. पोट दुखते म्हणाली. पुढचे चार रविवारही दुखले.

“हिचं पोट भारी धार्मिक आहे,” बाप म्हणाला. “फक्त चर्चच्या वेळेला दुखतं.”

“दुखू दे,” आई म्हणाली. “अभ्यासाच्या वेळेला दुखत नाही ना?”

चौदा वर्षांच्या मुलीला आईचा घात केल्यासारखे वाटत होते. ज्या बाईला एक अक्षर कळत नाही, जिने आपल्या जिभेवर डोळे मिटून विश्वास ठेवला, तिच्याच हातून आपण खोट्यावर सही घेतली. बीजगणित तिने प्रायश्चित्त घ्यावे तसे केले. पहाटे, न्याहारीच्या तव्याशेजारी, पिठाच्या रिकाम्या पिशव्या फाडून त्यांच्या पाठीवर. त्याचा परिणाम व्हायचा तोच झाला. डिसेंबरच्या परीक्षेत ती सबंध शाळेत दुसरी आली, आणि त्यामुळे पकडली गेली. नापास झाली असती तर कुणाचेही लक्ष गेले नसते.

दुसरा कागद म्हणजे त्या चौकशीचे टिपण. भाषा पाहावी: “सदर विद्यार्थिनीस वर्ग क्र. ४ (व्यवहारी गणित) नेमून दिला असता ती वर्ग क्र. १ (बीजगणित) मध्ये आढळली. विद्यार्थिनीने खोटे भाषांतर करून पालकाची फसवणूक केल्याचे दिसते. पालकास इंग्रजी अवगत नाही. सबब सही ग्राह्य धरू नये व विद्यार्थिनीस मूळ वर्गात परत पाठवावे.” गुणांचा उल्लेख टिपणात नाही. ‘आढळली’ हा शब्द मात्र आहे. हरवलेल्या गुरासाठी वापरतात तो.

सुनावणी डिसेंबरातल्या एका मंगळवारी दुपारी चारला झाली. शाळा मंडळाचे अध्यक्ष मिस्टर वेंडेल क्रूग होते, आणि एउलालिया नऊ वर्षे ज्या पट्ट्यावर गाजरे निवडत होती तो पट्टा, ती शेड आणि ती गाजरेही त्यांचीच होती. ती शेडमधून थेट आली, ॲप्रनची घडी करून पिशवीत घातलेली. या खेपेस दुभाषी म्हणून शाळेने आपला माळी एपिफानिओ बोलावला, कारण नेहमीची दुभाषी आरोपी होती. तिला बाहेर बाकावर बसवण्यात आले. दाराला काचेची पट्टी होती. तिच्यातून डेल्फिनाला आईची पाठ दिसली. बोलावल्याबरोबर आई उठून उभी राहिली आणि शेवटपर्यंत बसली नाही, एवढे तिला कळले. ऐकू काहीच आले नाही.

वीस मिनिटांनी दार उघडले. आधी आई आली. मागून एपिफानिओ, हॅट छातीशी धरून. दार त्याने बिशप बाहेर पडावेत तसे धरून ठेवले होते.

“काय झालं, काका?” डेल्फिनाने त्याला हळूच विचारले.

“मला काही काम पडलं नाही, पोरी,” एवढेच तो म्हणाला.

रस्त्याला लागल्यावर तिने आईला विचारले, “काय म्हणाले गं?”

“म्हणाले, अभ्यास कर.”

“एवढा वेळ, आणि एवढंच?”

“तूच म्हणतेस ना, इंग्रजीत लांबतं.”

ती वर्ग क्रमांक एकमध्येच राहिली. कुणी कारण सांगितले नाही आणि तिने विचारले नाही. मिळालेल्या गोष्टीचे कारण विचारले की ती परत मागतात, असा तिथल्या मुलांचा अनुभव होता. पुढच्या सोमवारी आई शेडवर गेली आणि तासाभरात घरी परतली. भांडी आवरू लागली.

“बरं नाही का, अमा?”

“सोडली शेड. घुसमटायला होतं आत. उघड्यावर बरं.”

उघड्यावर म्हणजे कोबीच्या सरीत. चव्वेचाळिसाव्या वर्षी एउलालिया लांब दांड्याचे खुरपे घेऊन विरळणीच्या टोळीत उभी राहिली आणि चौसष्टाव्या वर्षापर्यंत राहिली. शेडला छप्पर होते, पंखे होते, बसायला स्टूल होते. खोऱ्यातील एकही बाई शेडमधून आपणहून शेतात गेल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते. डेल्फिनाने ते ऐकून घेतले, कारण ते खरे मानणे सोयीचे होते. पुढे ती याबद्दल स्वतःसाठी फार कठोर शब्द वापरी.

विद्यापीठ उत्तरेला बारा तासांवर होते. घरातून कॉलेजात गेलेली ती पहिलीच. तिथे पहिल्या वर्षी जलविज्ञानाच्या प्रयोगशाळेत एका मुलाने तिच्या हातात वापरलेले कप दिले, धुवायला. तिने ते धुतले, पुसले आणि मग त्याच टेबलावर बसून पाझराचा प्रयोग मांडला. तो मुलगा लाल झाला. सहाजणांच्या गटात आकडे तिचे आणि सादरीकरण त्याचे, असे वर्षभर चालले. सुट्टीत घरी यावे तर आई दारात उभी. गुडघ्यांना फडके बांधलेले.

“काय गं शिकवतात तिथे?”

“पाणी कसं वाहतं ते.”

“त्याला चार वर्षं? तुझा बाप सिगारेट संपायच्या आत सांगतो.”

पदवीच्या दिवशी, गाऊन अंगावर असताना, डेल्फिनाने धीर केला. “अमा, तुला एक सांगायचंय. मी लहान असताना त्या प्रूइटबाईंकडे—”

“आज नको. आज फोटो काढायचेत. टोपी सरळ कर.”

ती खोऱ्यात परतली. कालवा मंडळात पहिली तीन वर्षे ठेकेदार तिला विचारत, साहेब कधी येणार? ती म्हणे, आले आहेत, नकाशा उलटा धरलाय तुम्ही. आज खोऱ्यातील एकोणीस झडपा आणि चार पूल तिच्या सहीने उभे आहेत. त्यांपैकी एकावरून क्रूग यांच्या गाजरांच्या गाड्या जातात. पूल त्यांचेही वजन निमूट पेलतो.

बापाच्या मागे आई बारा वर्षे जगली. सत्त्याहत्तराव्या वर्षी कंबरेचे हाड मोडून ती दवाखान्यात पडली, तेव्हा ते घडले. नर्सने इंग्रजीत विचारले, एक ते दहामध्ये किती दुखते? डेल्फिना सवयीने आईकडे वळली आणि भाषांतर करण्यासाठी तोंड उघडणार, एवढ्यात आई थेट नर्सला म्हणाली, स्वच्छ, सावकाश, जुन्या वळणाच्या इंग्रजीत:

“सात. पण तू सहा लिही बाई. सात लिहिलंस तर डॉक्टर झोपेचं देतो, आणि मला लेकीशी बोलायचंय.”

नर्स हसून गेली. डेल्फिनाने खुर्ची खाटेजवळ ओढली.

“अमा. कधीपासून?”

“तुझ्या जन्माच्या आधीपासून. सीमेलगत एका दंतवैद्याच्या घरी कामाला होते सहा वर्षं. स्वयंपाकघरात रेडिओ असायचा. आणि बाईसाहेबांना बोलायला दुसरं कुणी नव्हतं.”

“मग जन्मभर मी का मरत होते तुझी दुभाषी होऊन?”

“तू छान करायचीस. मला ऐकायला आवडायचं.”

“अमा!”

आईने पांघरूण सारखे केले. “शेडमध्ये सांगितलंच नाही मी. ज्याला येत नाही असं वाटतं ना, त्याच्यासमोर माणसं मोकळी बोलतात. क्रूग आणि मुकादम माझ्या डोक्यावरून बोलायचे, मी म्हणजे एक पेटी. उद्या इमिग्रेशनची हिरवी गाडी येणार. शुक्रवारी अमक्या दोघींना काढायचं. शेतात औषध मारलंय, पण दोन दिवस थांबायला नको. मी घरी येऊन बायकांना सांगायची, मला स्वप्न पडलं.”

डेल्फिनाला दोन्या लालांची स्वप्ने आठवली. सबंध वस्ती त्यांवर चालत असे. गुआदालुपेच्या माउलीची, मेरीमातेची, या बाईवर खास मर्जी आहे असे पाद्रीसुद्धा मानत.

“खोटारडी,” ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते.

“माउलीनं कधी तक्रार केली नाही.”

“म्हणजे त्या दिवशी प्रूइटबाई जे बोलल्या...”

“आता आठ दुखतंय,” आई म्हणाली आणि भिंतीकडे वळली.

“शेड का सोडलीस, अमा? खरं सांग.”

“घुसमटायचं, सांगितलं ना एकदा.”

तीन आठवड्यांनी ती गेली. डेल्फिनाच्या पदरी अर्धे उत्तर राहिले. आपण आईला फसवले नव्हते, इतके कळले. पण आपण वर्गात राहिलो कशाच्या बळावर, आणि पुढच्याच आठवड्यात आई उन्हात गेली ती का, हे सांगणारे कुणी उरले नाही. पाच वर्षे हा प्रश्न उशाशी होता. म्हणून पाटीचा मसुदा संमतीसाठी आला, तेव्हा तिने कागद मागितले.

नोएमीने तिसरा कागद पुढे सरकवला. “हा वाचा. निकाल खाली आहे, एकच ओळ. ‘पालकाची सही ग्राह्य. प्रकरण बंद.’ वरचं मी वाचलं नाही.” मग चष्मा डोक्यावरून काढून पुसत म्हणाली, “वाचलं. खोटं कशाला बोलू? काल घरी जाऊन आईला फोन केला.”

इतिवृत्तात लिहिले होते की पालकाने दुभाष्याची मदत नाकारली, निवेदन इंग्रजीत दिले, आणि अध्यक्ष क्रूग यांच्या सूचनेवरून ते शब्दशः नोंदवण्यात आले. क्रूग यांना ते शब्दशः का हवे होते हे उघड आहे. सोमवारी शेडवर त्यांनी त्याचा उपयोगही केला. तरी ती नोंद हा त्यांच्या हातून खोऱ्यावर झालेला बहुधा एकमेव उपकार.

डेल्फिनाने ते उभ्याने वाचले. मग बसून वाचले. नोएमी उठून खिडकीशी गेली आणि बाहेर काही नसताना बाहेर पाहत राहिली.

त्या आठवड्यात शाळेला पत्र गेले की पाटीचा मजकूर मान्य नाही. काही कोरायचेच असेल तर सोबतचे पान पूर्ण कोरावे, आणि त्यावर नाव एउलालिया आर्रियागा यांचे असावे. शाळेने उत्तर दिले की सूचना स्वागतार्ह आहे, परंतु मजकूर पितळेच्या मानाने फार लांब आहे.

कागदाला तशी अडचण नसते. सुनावणीत आरोपी एक होती. निवेदन संपेपर्यंत दोन झाल्या. दुसरीची कबुली शब्दशः अशी:

“माझं नाव एउलालिया आर्रियागा. माळीभाऊंना त्रास नको, मला इंग्रजी येतं. मिस्टर क्रूग, नऊ वर्षं तुमच्या शेडमध्ये तुम्ही माझ्यासमोर जे बोललात ते सगळं मला कळत होतं, आणि आता तुम्ही काय कराल तेही कळतंय. त्या दिवशी प्रूइटबाई माझ्या मुलीबद्दल काय म्हणाल्या ते मी ऐकलं. मुलीनं मला वेगळं सांगितलं, तेही ऐकलं. दोघींपैकी कुणाचं खरं व्हावं ते मी ठरवलं. दुसऱ्या चौकोनापुढचं सगळं मी वाचलं, आणि मग सही केली. मुलीनं मला फसवलं नाही. मी तिला फसवलं. आईला काही कळलं नाही असं मी तिला वाटू दिलं, कारण आमच्याबद्दल जे बोललं गेलं ते आईनंही ऐकलं, हे तिला कळायला नको होतं. ती बाहेर बसली आहे. तिला यातलं काही सांगू नका. गुन्हा झाला असेल, तर सही माझी आहे.”